आईला मोबाईल बँकिंग सुरू करून द्यायचंय, फसवणुकीची भीती वाटते. काय काळजी घ्यावी? पैसे गेलेच तर बँक भरून देते का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे बरेच जण गाफील असतात.

रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी घोळ घातला, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवलंत, तर तुम्हाला तोशीस शून्य. ४ ते ७ दिवस लावलेत तर साध्या बचत खात्यावर १०,००० रुपयांपर्यंतचा भुर्दंड. पण ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंत गेलेले पैसे आपलेच गेले. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे सगळा खेळ लवकर कळवण्याचा.

आता आमच्या घरचा किस्सा. रविवारी संध्याकाळी बाबांना मेसेज आला, 'मागचं बिल अपडेट नाही, रात्री ९.३० ला वीज तोडू.' खाली नंबर. बाबांनी फोन लावला. पलीकडचा माणूस इतका अदबशीर, दर वाक्याला 'काका'. त्याने व्हॉट्सॲपवर एक एपीके फाइल (म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) पाठवली आणि 'एवढं इन्स्टॉल करा' म्हणाला. हे ॲप 'अननोन सोर्स'मधलं, म्हणजे अनोळखी ठिकाणाहून आलेलं आहे, असा फोनने इशारा दिला, तेव्हा बाबांनी मला विचारलं, "अरे, हे अननोन सोर्स म्हणजे काय रे?" त्या एका प्रश्नाने वाचलो.

असलं ॲप एकदा आत बसलं आणि मेसेजची परवानगी मिळाली की ओटीपी परस्पर वाचतं. 'ओटीपी कुणाला सांगू नका' हा सल्ला त्यामुळे आता अर्धाच राहिलाय. विचारायची गरजच उरली नाही. लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, केवायसी, वेष्टन कुठलंही असो, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके उघडायचीच नाही. आईला बाकी काही शिकवलं नाहीत तरी चालेल, हे शिकवा. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हेही.

त्यानंतर आम्ही बाबांचं यूपीआय एका वेगळ्या खात्याला जोडलं. त्यात पाच-सहा हजारच ठेवतो, भाजी-दूध-औषधांपुरते. पेन्शन आणि एफडी दुसऱ्या बँकेत, तिथे मोबाईल बँकिंग घेतलेलंच नाही. बँकेत चक्कर मारावी लागते, पण बाबांना तेवढाच फेरफटका. कार्डावरचे परदेशी व्यवहार ॲपमधून बंद केले, रोजची मर्यादा खाली आणली. बँकेचा नंबर पासबुकावरून उतरवून कॅलेंडरच्या मागे लिहिलाय, कारण गूगलवर शोधलेला 'कस्टमर केअर' बऱ्याचदा चोराचाच निघतो.

त्याच्याच खाली १९३० लिहिलंय, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. पैसे काही मिनिटांत या खात्यातून त्या खात्यात फिरतात. मधेच कुठेतरी अडवले गेले तर मिळायची आशा. त्यामुळे आधी १९३० आणि बँक, चौकीत नंतर. आणि आईला आजच सांगून ठेवा की काही झालं तर तुम्ही ओरडणार नाही. भीतीपोटी लोक दोन-दोन दिवस घरात बोलत नाहीत, आणि ते ३ दिवस तिथेच संपतात.

बाबा आता प्रत्येक मेसेज मला पुढे ढकलतात, 'खरा का खोटा?' परवा सख्ख्या भाच्याच्या लग्नाची पत्रिकाही आली तशीच. साधी पीडीएफ होती, तरी त्यांनी आत्याला फोन करून खात्री केली.