कॉनहून परतल्यावर घर खायला उठतं तेव्हा

शनिवार-रविवार कॉनमध्ये, म्हणजे कार्टून, मालिका, विज्ञानकथा यांच्या चाहत्यांच्या संमेलनात, हजारोंच्या गर्दीत काढून आलेली माणसं पुढच्या आठवड्याच्या मध्यावर माझ्याकडे फोन करतात. प्रश्न बहुतेकदा एकच असतो: "तिथे मी इतकी खूश होते, मग घरी आल्यापासून सारखं रडू का येतंय? मला डिप्रेशन तर आलं नाही ना?" आणि जरा वेळाने, दबक्या आवाजात दुसरा: "माझं रोजचं आयुष्यच चुकलंय का?"

मागे माझ्याकडे आलेल्या एका मुलीची हकिगत यासाठी सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती चोविशीची, हिशेबाच्या कामात नोकरीला. गुरुवारी संध्याकाळी आईबरोबर आली. आवाज पार बसलेला. कपाळावर, केस सुरू होतात तिथे, विग चिकटवायच्या गोंदाने कातडी लाल झालेली. मनगटावर प्रवेशाचा कागदी पट्टा अजून तसाच होता. आईला दिसू नये म्हणून ती बाही सारखी खाली ओढत होती.

आईनेच सुरुवात केली. "अहो मॅडम, चार दिवस झाले, धड जेवत नाही. ऑफिसातून आली की खोलीचं दार लावून घेते. काल म्हणते, नोकरी सोडते! ते कार्टूनचे कपडे घालून दोन दिवस नाचून आली आणि हे असं." मी आईंना थोडा वेळ बाहेर बसायची विनंती केली.

मग ती बोलायला लागली. कॉनला आवडत्या मालिकेतल्या पात्राचा वेश करून जायचं म्हणून तिने आठ महिने खपून फोमचं चिलखत केलं होतं. हीट गनने फोम वाकवायचा, कडा घासायच्या, रंगाचे हात द्यायचे. कॉनमध्ये अनोळखी लोक थांबून विचारत होते, हा खांद्याचा भाग जोडला कसा? एक छोटी मुलगी तिच्याकडे बघतच राहिली आणि मग फोटो मागायला आली. शेवटच्या कार्यक्रमात मालिकेचं शीर्षकगीत लागलं आणि अख्खा हॉल एका सुरात गायला. रविवारी संध्याकाळी स्टॉल उतरवले, बॅनर गुंडाळले, ती परतीच्या बसमध्ये बसली. सोमवारी ऑफिसात कुणीतरी सहज विचारलं, वीकेंड कसा गेला?

"मी म्हटलं, ठीक. आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले, मॅडम."

मला तिचा त्रास 'ठीक' या एका शब्दात सापडला. पण त्याआधी शरीराचं बघायला हवं होतं. असे लोक आले की मी पहिल्यांदा झोप विचारते. तीन रात्री तिने जेमतेम चार-चार तास झोप घेतली होती. खाणं म्हणजे कॉफी आणि पाकिटातलं काहीबाही. आता घसा दुखत होता, अंग कणकणत होतं. कॉनला जाणारे लोक या आजारपणाला 'कॉन क्रड' म्हणतात. गर्दी, बंद हॉल आणि जागरणं यांनी सर्दी-खोकल्याला आयतंच निमंत्रण मिळतं. त्यांच्यात पाच-दोन-एक असा नियमही सांगतात: रोज किमान पाच तास झोप, दोन वेळचं जेवण, एक अंघोळ. त्यातली झोप आणि जेवण तिने दोन्ही बुडवलं होतं. झोप तुटलेल्या माणसाला जग आहे त्यापेक्षा काळं दिसतं. त्या डोळ्यांनी आपल्या सगळ्या आयुष्याचा निकाल लावू नये, हे मी तिला स्पष्ट सांगितलं.

झोपेचा हिशेब चुकता झाला तरी एक उतार उरतोच. रिचर्ड सॉलोमन आणि जॉन कॉर्बिट या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलं होतं, की तीव्र भावनेला तोलायला मन उलट दिशेचा जोर लावतं, आणि मूळ कारण संपल्यावरही तो जोर काही काळ टिकतो. म्हणून आनंद फार मोठा असेल तर त्यानंतरची पोकळीही जाणवण्याइतकी मोठी असते. दुसरं कारण गर्दीचं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्कहाइम यांनी १९१२ मध्ये सामूहिक उल्हासाबद्दल लिहिलं: एकत्र जमलेली माणसं एकाच गोष्टीवर जीव लावतात तेव्हा एकट्याला कधीच न मिळणारी शक्ती प्रत्येकाला जाणवते. अख्ख्या हॉलबरोबर गाऊन आलेल्या मुलीला सोमवारची खुर्ची ओसाड वाटली, यात मला आजार दिसत नाही.

तरीही मी तपासलं. जीव नकोसा वाटतो का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, हे मी सरळ विचारते. विचारल्याने असले विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. तिचं उत्तर नाही असं होतं. ते हो असतं तर मी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तिथे दिवस मोजत बसायचं नसतं. एरवी नैराश्याचं निदान करताना किमान दोन आठवडे बघतात: जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ उदासी किंवा कशातच रस नसणं, सोबत झोप, भूक, एकाग्रता, थकवा, अपराधी वाटणं अशा तक्रारी, आणि त्यामुळे रोजची कामं अडणं. चौथ्या दिवशी ते नाव घेणं घाईचं होतं.

राजीनामा मात्र तिच्या फोनमध्ये लिहून तयार होता. तो पुसून टाक असं मी म्हटलं नाही, कारण त्यामागची ओढ खरी होती. तो दोन आठवडे पाठवायचा नाही, एवढंच ठरवलं.

मग मी तिला विचारलं, नेमकं काय आठवतंय? ती म्हणाली, "सगळंच." यावर मी कधीच थांबत नाही. सगळं पुन्हा मिळणार नसतं, पण त्यातलं एखादं मिळू शकतं, आणि ते कोणतं हे शोधायला वेळ द्यावा लागतो. गर्दी? नाही, गर्दीने ती दमली होती. आवडते कलाकार? त्यांना तिने लांबूनच पाहिलं होतं. हळूहळू आम्ही त्या खांद्याच्या तुकड्यापाशी येऊन ठेपलो. कसं केलंस, हे तिला आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. घरी तिच्या खोलीतून फक्त वास यायचा आणि पसारा दिसायचा. ऑफिसात तर कुणाला पत्ताच नव्हता.

मी आईंना आत बोलावलं आणि तिला त्या तुकड्याचा जवळून काढलेला फोटो दाखवायला सांगितलं. आईंनी चष्मा वर-खाली केला, फोटो मोठा केला. "हे तू केलंस? मला वाटलं, विकत आणलंस. ही कड आतून दुमडलीस की वरून पट्टी लावलीस?" मुलीने सांगायला सुरुवात केली आणि बसलेल्या आवाजात पाच-सात मिनिटं सांगत राहिली. आईंचा नोकरीचा घोर काही तेवढ्याने गेला नाही, आणि तो जावा अशी माझी अपेक्षाही नव्हती. मी त्यांना एवढं सांगितलं, की १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तेव्हाच मर्टल डग्लस नावाच्या बाईंनी स्वतःसाठी आणि आपल्या मित्रासाठी भविष्यकाळातले पोशाख शिवले होते. हा नाद आठ दशकांहून जुना आहे आणि त्याच्या मुळाशी हाताचं कसब आहे.

दुसरी दुखरी जागा कॉनमधल्या मित्रमैत्रिणींच्या फोनवरच्या ग्रुपची होती. सोमवारी फोटोंचा पाऊस पडत होता, बुधवारपर्यंत शुकशुकाट. "त्या मैत्र्या खोट्याच होत्या का?" मला हा प्रश्न फार लागतो, कारण यात माणसं विनाकारण स्वतःला कमी लेखतात. बाकीचेही तापाने पडलेले असतात, साठलेलं काम उपसत असतात. ग्रुपवर वाट बघण्यापेक्षा एखाद्या-दोघांना वेगळं लिहावं, आणि 'मजा आली' याच्या पुढचं लिहावं. तिने चिलखताचा पट्टा तुटल्यावर धावून आलेल्या मुलीला लिहिलं, की तुझ्या त्या सेफ्टी पिनेमुळे माझा दिवस वाचला. उत्तर रात्रीच आलं. तीही रडत होती.

प्रत्येकाची ओढ अशीच नसते. चाळिशीतले एक गृहस्थ याच तक्रारीने आले होते. त्यांना कॉनमध्ये सुख होतं ते तिथे त्यांचा घटस्फोट कुणालाच माहीत नव्हता याचं. त्यांच्याशी बोलणं वेगळ्याच वाटेने गेलं. आणखी काहींच्या बाबतीत उदासी कॉनच्या आधीपासूनच होती, दोन दिवस ती झाकली गेली एवढंच. तिथे मानसोपचारतज्ज्ञांची मदत लागते आणि ती घेतल्याने फरक पडतो.

ही मुलगी दहाएक दिवसांत सावरली. नोकरी तिने ठेवली. त्या सेफ्टी पिनवाल्या मुलीबरोबर ती आता ठरवून शनिवारी काम करते, दोघी आपापल्या घरून, व्हिडिओ कॉलवर. जुन्या संमेलनांमध्ये सगळं संपल्यावर मागे राहिलेल्यांची 'डेड डॉग पार्टी' असते, म्हणजे दमल्याभागल्यांची शेवटची बैठक. दोघींनी पुढच्या वेळी तसलंच काहीतरी करायचं ठरवलं. कॉनला निघण्यापूर्वीच तिने मंगळवारपर्यंतची रजा टाकली आणि सोमवार रात्रीचा कॉल पक्का केला. उतार तेव्हाही आला, दोन दिवस राहिला. राजीनाम्याचा विषय मात्र निघाला नाही.