वाचक विचारतात, ताई सांगतात

प्रश्न : ताई, मी नाशिकला एमबीबीएसच्या सेकंड इयरला आहे. फार्माकॉलॉजीच्या इंटर्नल पेपरला मी मायक्रो झेरॉक्स नेली होती, पकडले गेले नाही, मार्क पण चांगले पडले, पण आता झोपच लागत नाही. सरांना सांगू का? आई-बाबांनी कर्ज काढलंय हो.
– एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर : अगं, झोप लागत नाही हे बरंच म्हणायचं. कॉपी बहुतेक डोसच्या आकड्यांसाठीच केली असशील ना, कारण ते डोक्यात राहतच नाहीत. पण उद्या कॅज्युअल्टीत इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन येऊन पेशंट समोर धापा टाकत असेल, तेव्हा मोठ्या माणसाला अ‍ॅड्रिनलिन अर्धा मिलिग्रॅम, ते पण मांडीच्या स्नायूत, हे खिशातली चिठ्ठी काढून बघणारेस का? आणि फायनल घेतं आरोग्य विद्यापीठ, १९९८ पासून आपल्या नाशिकलाच आहे ते, तिथे थिअरीबरोबर व्हायवा पण असते आणि एक्झामिनर समोर बसलेला असताना झेरॉक्स काय कामाची! सापडलीस तर पूर्ण परीक्षाच रद्द होऊ शकते, मग कर्जाचं काय ते तूच बघ.

सरांना सांगायचं तर सांग, शिक्षा होईल हे धरूनच जा, मी काही गोड बोलणार नाही. नाही धीर झाला तर निदान तो पेपर घरी घड्याळ लावून पुन्हा लिही, बिनचिठ्ठीचा, आणि किती पडतात ते मला कळव.