तरुण पोरं घ्या, पण त्यांना खेळवा पण

प्रश्न : सर, मी कोल्हापूरचा, लहानपणापासून फुटबॉल बघतोय. सुनील छेत्री ६ जून २०२४ला कुवेतविरुद्ध खेळून रिटायर झाला आणि मार्च २०२५मध्ये, वयाच्या चाळिशीत, परत इंडियाच्या टीममध्ये! मग नव्या पोरांनी करायचं काय? सरळ सगळे पंचविशीच्या आतलेच का घेत नाहीत?

उत्तर : तुमचा राग समजतो, पण तो छेत्रीवर काढू नका. त्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) सीझनमध्ये भारतीयांत सगळ्यात जास्त गोल त्याचेच होते, १४, मग तेव्हाचे कोच मानोलो मार्केझनी बोलावलं तर चुकलं कुठे? मालदीवला ३-० हरवलं त्यात त्याचाही गोल होता. पण नंतर एशियन कपच्या क्वालिफायरमध्ये, म्हणजे पात्रता सामन्यांत, बांगलादेशशी ०-०, हाँगकाँगकडून ०-१, आणि ऑक्टोबरमध्ये गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडून १-२, संपलं, २०२७चा एशियन कप गेला. फार लागलं ते.

खरा घोळ क्लबमध्ये आहे. मैदानावर चार परदेशी चालतात आणि गोल करायची जागा बहुतेक क्लब त्यांनाच देतात, आपला पोरगा विंगवर जातो नाहीतर बेंचवर, मग नॅशनल कोचनी स्ट्रायकर आणायचा कुठून? २०१७च्या अंडर-१७ वर्ल्ड कपची बॅच बघा, तुमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता त्यात. त्यातले जीक्सन, सुरेश, अन्वर सीनियर टीममध्ये रुळले, पण ते मिडफिल्डर आणि डिफेंडर. नऊ नंबरची, म्हणजे मुख्य स्ट्रायकरची, जागा मोकळीच राहिली.

सगळे तरुण घ्या म्हणता, ते मला पटत नाही. २०१९च्या एशियन कपमध्ये थायलंडला ४-१ हरवलं तेव्हा छेत्री ३४चा, दोन गोल, आणि तिसरा मारणारा अनिरुद्ध थापा २०चा. पण थापाला काही थेट त्या मॅचला उभं केलं नव्हतं, तेव्हाचे कोच स्टीफन कॉन्स्टंटाइननी त्याला आधीपासून सीनियर टीममध्ये खेळवलं होतं. २०१५ पासून हा माणूस नवी पोरं आणत राहिला आणि फिफाच्या १७३ रँकिंगवरची टीम जुलै २०१७मध्ये ९६वर आली. याच्या उलट २०११चा दोह्यातला एशियन कप, वर्षानुवर्षं तीच टीम घट्ट धरून ठेवलेली, तिन्ही मॅच हरलो, १३ गोल खाल्ले आणि मग सीनियर एकेक करत गेले तेव्हा मागे तयार कोणी नव्हतंच.

माझं म्हणणं एवढंच, क्वालिफायरला गोलकीपर, सेंटर बॅक आणि एक मिडफिल्डर मुरलेला पाहिजेच, तिथली एक चूक म्हणजे मॅच गेली. फ्रेंडलीमध्ये मात्र नव्या स्ट्रायकरला पूर्ण ९० मिनिटं द्या, सलग चार-पाच मॅच द्या, गोल नाही झाला तरी. शेवटची दहा मिनिटं पाठवून पोरगा काय दाखवणार हो?

प्रश्न : एशियन गेम्ससारखा नियम, अंडर-२३ आणि फक्त तीन सीनियर, मेन टीमला लावला तर? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नको. २०२३ला हांगझोऊच्या एशियन गेम्सला जवळपास याच नियमानी गेलो (तेव्हा अंडर-२४ होतं), चीनकडून १-५ हरलो आणि बांगलादेशविरुद्धचा एकमेव गोल केला कोणी, तर ३९ वर्षांच्या छेत्रीनी, पेनल्टीवर. कोटा लावायचाच असेल तर तो क्लबना लावा, एक तरी भारतीय स्ट्रायकर सुरुवातीपासून खेळवायचा म्हणून.