प्रयोगशाळेत खडक फुटण्यापूर्वी चाहूल लागते, मग भूकंपाचे भाकीत का करता येत नाही?

चाहूल लागते हे आपले म्हणणे बरोबर आहे. ग्रॅनाइटचा मुठीत मावेल एवढा नमुना चहूबाजूंनी आवळून त्यावरचा उभा दाब वाढवत नेला, की तो फुटण्याच्या बराच आधी त्यात सूक्ष्म तडे पडू लागतात. प्रत्येक तड्याचा क्षीण ध्वनी पृष्ठभागावरचे संवेदक टिपतात आणि फुटण्याची वेळ जवळ येईल तशी या ध्वनींची संख्या झपाट्याने वाढते. दाब अंतिम मर्यादेच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश झाला की तडे उघडून खडक किंचित फुगू लागतो, हे ब्रेस, पॉल्डिंग आणि शोल्झ या भूभौतिकशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दाखवले.

त्यावर १९७०च्या दशकात मोठी आशा बांधली गेली. खडक फुगला की त्यातून जाणाऱ्या भूकंपाच्या प्राथमिक (वेगवान) आणि दुय्यम (संथ) लहरींच्या वेगांचे गुणोत्तर घटेल आणि भेगांत पाणी झिरपल्यावर ते पूर्ववत होईल, असा तर्क होता. ताजिकिस्तानातील गार्म परिसरातून तशी निरीक्षणेही आली होती. पुढच्या काटेकोर मोजमापांत मात्र ती टिकली नाहीत.

याचे कारण, माझ्या मते, प्रयोगातील नमुना आणि भूकंप यांच्या तुलनेतच आहे. उथळ भूकंपात बहुधा अखंड खडक नव्याने फुटत नाही, तर जुन्या भ्रंशाच्या, म्हणजे खडकातील मोठ्या भेगेच्या, घर्षणाने अडकलेल्या दोन बाजू एकाएकी घसरतात. हेही ब्रेस आणि बायर्ली यांनी १९६६ मध्येच सुचवले होते. शिवाय प्रयोगात दाब आपणच वाढवत असल्यामुळे नमुना फुटणार हे ठरलेलेच असते आणि संवेदक तड्यापासून काही सेंटिमीटरवर असतो, तर भ्रंश कित्येक किलोमीटर खोल असतो आणि तो घसरण्याच्या किती जवळ आला आहे हे थेट मोजता येत नाही.

कॅलिफोर्नियातील पार्कफील्ड येथे साधारण २२ वर्षांच्या अंतराने भूकंप होत आल्याने पुढचा १९९३ पूर्वी अपेक्षित धरून उपकरणांचे दाट जाळे उभारले होते. तो आला २८ सप्टेंबर २००४ रोजी, ६.० तीव्रतेचा, आणि इतकी उपकरणे रोखलेली असूनही त्याआधी ठळक पूर्वसंकेत नोंदला गेला नाही.

२०१७ मध्ये यंत्र-शिक्षणाने (मशीन लर्निंगने) प्रयोगातील ध्वनीवरून पुढची घसरण किती वेळाने होईल हे बऱ्यापैकी अचूक सांगता आले, आणि ते मला खरोखर आश्वासक वाटते. पण त्या प्रारूपाला शिकण्यासाठी एकामागून एक अनेक घसरणी मिळाल्या होत्या; शेकडो वर्षांचे चक्र असलेल्या मोठ्या भ्रंशांच्या यांत्रिक नोंदी जेमतेम सव्वाशे वर्षांच्या आहेत.