मिश्र माध्यमातल्या चित्रात बायबलचं वचन चिकटवलं की रंगाखाली दिसेनासं होतं. काय करावं?

वचनाचा कागद मधल्या थरात चिकटवा आणि त्यावर फक्त पारदर्शक रंग चढवा. माझी वचनचित्रं मी याच पद्धतीने करते. कागदाच्या खाली-वर मॅट मीडियम (वाळल्यावर पारदर्शक होणारं, चमक नसलेलं ॲक्रिलिक माध्यम, इथे गोंदासारखं) लावा, मधून कडेकडे बोट फिरवत हवा काढा, पूर्ण वाळू द्या; मग ॲक्रिलिकमध्ये भरपूर ग्लेझिंग मीडियम (रंग पारदर्शक करणारं द्रव) मिसळून पातळ थर द्या. टिटॅनियम व्हाइट टाळा, तो अपारदर्शक असल्याने शब्द गिळतो. योहान 1:5 मधला अंधारातला उजेड दाखवायचा असेल तर भोवती गडद निळा आणि अक्षरांच्या एकाच कडेला सोनेरी वर्ख पुरे. क्रूस काढलाच पाहिजे असं मला वाटत नाही. इंकजेटची छपाई मात्र ओल्या मीडियमने पसरते, त्यामुळे लेझर प्रिंटच घ्या.