मेक्सिकोतला 'माद्रे': शब्द नव्हे, अख्खा वाक्प्रचार पाठ करा

स्पॅनिशमध्ये माद्रे म्हणजे आई, हे पहिल्याच धड्यात येतं. मेक्सिकोच्या बोलीत मात्र एवढ्यावर भागत नाही. 'आ तोदा माद्रे' म्हणजे एकदम झकास. 'मे वाले माद्रे' म्हणजे मला काडीचाही फरक पडत नाही. 'नी माद्रेस' म्हणजे मुळीच नाही, आणि 'देसमाद्रे' म्हणजे नुसता गोंधळ. 'एसा माद्रे' तर समोरची कुठलीही वस्तू असू शकते.

नवशिक्या हमखास अडकतो तो 'पोका माद्रे'पाशी. 'एस्ता दे पोका माद्रे' ही तोंडभर स्तुती. पण 'के पोका माद्रे!' म्हणजे 'काय हा निर्लज्जपणा!' फरक आधीच्या छोट्या शब्दांत आहे. म्हणून वहीत सुटा शब्द लिहू नका. क्रियापद आणि 'दे', 'आ' यांसकट पूर्ण तुकडा लिहा. शेजारी देश आणि कोण कोणाला म्हणालं तेही नोंदवा.

हे सगळे प्रयोग कमीअधिक शिवराळ आहेत. आधी नुसते ऐकून ओळखा. स्वतः बोलताना 'के पाद्रे!' वापरा: अर्थ 'मस्त!', आणि तो घरातही चालतो. कोणाच्या आईची चौकशी करताना 'तू मामा' (तुझी आई) किंवा आदराने 'सू मामा' (तुमची आई) म्हणा. तिथे 'तू माद्रे' शिवीच्या वळणावर जातं.

देशाची नोंद का हवी? 'कोखेर' स्पेनमध्ये बस पकडण्यासाठी सर्रास वापरतात, पण मेक्सिको आणि अर्जेंटिनात ते संभोगासाठीचं अश्लील क्रियापद आहे. तिथे 'तोमार' म्हणा.