लर्निंग लायसन्सवर राज्याबाहेर: खरी अडचण शेजारच्या सीटवर

प्रश्न: माझं वय २३. दोन महिन्यांपूर्वी कारचं लर्निंग लायसन्स काढलं. मागच्या आठवड्यात आम्ही तिघं महाराष्ट्रातून कर्नाटकात लग्नाला निघालो. मी चालवत होते, बाबा शेजारी आणि आई मागे. गाडी बाबांच्या नावावर आहे, पुढे-मागे ‘एल’ लावलेला होता. सीमा ओलांडल्यावर पोलिसांनी अडवलं. ‘दुसऱ्या राज्याचं लर्निंग इथे चालत नाही,’ असं ते म्हणाले. मग बाबांचं लायसन्स पाहिलं, तर ते साठाव्या वाढदिवशी, म्हणजे तीन महिन्यांपूर्वीच संपलेलं. विनापरवाना गाडी चालवल्याचं चलान झालं. पुढे बाबांनीच गाडी चालवली. आईचं लायसन्स चालू आहे, पण तिला सवय राहिलेली नाही. चलानाविरुद्ध कोर्टात जाऊ का?

उत्तर: जाऊ नका. पोलिसांनी तोंडी सांगितलेलं कारण चुकीचं आहे, पण चलान बरोबर आहे.

आधी सीमेचं पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३ मध्ये शिकाऊ आणि पक्का असे दोन्ही परवाने भारतभर चालतील असं स्पष्ट लिहिलंय. महाराष्ट्रातलं लर्निंग कर्नाटकात, गोव्यात, कुठेही तितकंच वैध आहे. मुदत सहा महिन्यांची, त्यामुळे तुमचं चालू आहे. हा गैरसमज मला पुष्कळ ठिकाणी भेटतो, आणि नाक्यावर शांतपणे कलम सांगायला काहीच हरकत नाही.

देशाची हद्द मात्र वेगळी. तिथे कलम १३ संपतं, आणि आंतरराष्ट्रीय परमिटही पक्क्या लायसन्सशिवाय मिळत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. परवान्याशिवाय कुणीही गाडी चालवायची नाही, हा कलम ३ चा नियम. शिकणाऱ्याला त्यातून सूट आहे, पण ती केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ३ च्या अटींवर. लर्निंग चालू हवं, पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा, आणि सोबत चालू लायसन्स असलेला माणूस हवा. तोही अशा जागी बसलेला, की गरज पडली तर गाडी आवरू किंवा थांबवू शकेल. या अटींतली एक जरी सुटली, तरी सूट जाते आणि तुम्ही थेट कलम ३ च्या कचाट्यात येता. कलम १८१ खाली त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

बाबांनी कित्येक वर्षं गाडी चालवली असेल, हात कितीही पक्का असेल. त्या दिवशी कायद्याच्या नजरेत त्यांच्याकडे लायसन्स नव्हतं. पूर्वी मुदत संपल्यावरही ३० दिवस ते चालू धरलं जाई. २०१९ च्या दुरुस्तीत ती सवलत गेली, आणि तुमच्या बाबतीत तर तीन महिने उलटले होते. आईचं लायसन्स चालू होतं, पण मागच्या सीटवरून हँडब्रेकपर्यंत हात कसा पोहोचणार? दोघांनी जागा बदलल्या असत्या, तर हे चलानच झालं नसतं. वाचताना मला याचीच सर्वात जास्त हळहळ वाटली.

गाडीमालक म्हणून बाबांवर कलम १८० खालीही कारवाई होऊ शकली असती, कारण पात्र नसलेल्या व्यक्तीच्या हाती त्यांनी गाडी दिली. तेव्हा राज्याने ठरवलेलं तडजोड शुल्क, म्हणजे कोर्टात न जाता प्रकरण मिटवायची रक्कम, भरा आणि विषय संपवा. ई-चलान असेल तर ऑनलाइन भरता येतं, कर्नाटकात खेप घालावी लागणार नाही. कागद जमा करून घेतले असतील, तर त्यांची पोच मात्र जपून ठेवा.

मला चलानापेक्षा त्यानंतरच्या प्रवासाची काळजी वाटते. पोलिसांनी सोडल्यावर ज्यांचं लायसन्स संपलंय त्यांनीच गाडी चालवली. वाटेत कुणाला धडक बसली असती तर? सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या निकालात म्हटलंय, की चालकाकडे लर्निंग आहे एवढ्यावर विमा कंपनीला जबाबदारी झटकता येत नाही. हा आधार तुमच्या लर्निंगला आहे, बाबांच्या संपलेल्या लायसन्सला नाही. कंपनीने जखमीला भरपाई देऊन ती रक्कम बाबांकडून वसूल करायचा आग्रह धरला असता. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावाही बहुधा फेटाळला गेला असता. कारच्या पॉलिसीत लर्निंगवाल्याने नियम ३ पाळलाच पाहिजे अशी अट सहसा असतेच. पॉलिसी काढा आणि चालकासंबंधीचा तो परिच्छेद एकदा स्वतः वाचा.

बाबांचं नूतनीकरण या आठवड्यातच करा. मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तर पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. वर्ष उलटलं की द्यावी लागते. अर्ज परिवहन खात्याच्या ‘सारथी’ पोर्टलवर होतो आणि त्यांच्या वयामुळे नमुना १-अ मधलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागेल. नवं लायसन्स पाच वर्षांचं मिळेल. तोवर त्यांनी स्टीअरिंगला हात लावू नये, अगदी गल्लीतल्या गल्लीतसुद्धा.

तुमच्या लर्निंगला ३० दिवस कधीच झालेत, म्हणजे पक्क्या लायसन्सची चाचणी तुम्ही आताही देऊ शकता. ते हातात येईपर्यंत सराव करताना आईला पुढे बसवा. मात्र तिची सवय सुटली आहे, म्हणून आधी एखाद्या मोकळ्या मैदानावर तिला स्वतःला गाडी चालवू द्या.